२६ वर्षांचं शाईपेन आणि तडकलेली नळी

काना_मात्रा (नौपाडा, ठाणे) | धागाकर्ती

मंडळी, आधी प्रश्न विचारून टाकते, कारण नंतर मी वाहवत जाणार. ठाण्यात किंवा नवी मुंबईत शाईपेन दुरुस्त करणारं कुणी आहे का? निब शाबूत आहे, टोपण शाबूत आहे. आतली शाई भरायची नळी तडकली आहे. नळीवर धातूचं आवरण आणि त्याला दाबायची पट्टी असते, तो प्रकार.

आता पेनाबद्दल. मी मुद्रितशोधनाचं काम करते. १९९८ च्या दिवाळीआधी एका अंकाची प्रुफं तपासली, पहिल्यांदाच स्वतःचे असे पैसे हातात आले आणि स्टेशनजवळच्या एका दुकानातून साठ रुपयांना हे पेन घेतलं. चिनी बनावटीचं, मरून रंगाचं, स्टीलच्या टोपणाचं. निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, चोचीसारखा शेंडा तेवढा बाहेर. रेघ बारीक येते एवढंच पाहून घेतलं होतं.

कामाला बसले तेव्हा कळलं, हातात काय आलंय ते. छापील ओळीतली ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करायची असते तेव्हा दोन ओळींमध्ये जागा जेमतेम दोन मिलिमीटर मिळते. मोठ्या उघड्या निबीचं पेन तिथे नेलं की निबीचं पातंच पुढचं अक्षर झाकतं. ह्या पेनाचं टोक अक्षराच्या शेजारी टेकतं आणि अक्षर उघडं राहतं. मी प्रुफं वाचते ती ह्या टोकाच्या मागून. टोक कागदाला लागलेलंही नसतं, केसभर वर असतं, पण डोळा आणि टोक बरोबर सरकतात आणि शब्दाशब्दावर किंचित थबकतात.

सकाळी चहा झाला की दौतीत टोक बुडवायचं, पट्टी पाच वेळा दाबायची. पाचव्याला बुडबुडे थांबतात. जुन्या सुती साडीच्या तुकड्याला टोक पुसायचं आणि बसायचं. शाई निळी. प्रुफांवर लाल शाई वापरायची पद्धत आहे, पण लाल खुणांनी भरलेलं पान हातात पडलं की लेखकाचा चेहरा पडतो हे मी पाहिलंय, म्हणून पहिल्यापासून निळी. दुधाचा हिशेब, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा, मुलाच्या शाळेतल्या रजेच्या चिठ्ठ्या, सगळं ह्याच पेनाने झालं. मधलं बोट टेकतं तिथला मरून रंग फिका आणि गुळगुळीत झालाय. खंडेनवमीला देव्हाऱ्यापुढे विळी, कात्री आणि हे पेन असतं, आणि त्या दिवशी मी काम घेत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी लिहिताना बोटाला ओल लागली. उघडून पाहिलं तर नळीला उभी चीर. एका दुकानात नेलं, त्यांनी टोपणही न काढता "मॅडम, नवीन घ्या" म्हणून परत दिलं. मधल्या काळात बॉलपेनने काम उरकलं. प्रथमोपचाराची एक पुस्तिका होती. "हाताची शीर कापली गेल्यास" ह्या वाक्यात "शिर" राहून गेलं आणि तसंच छापलं गेलं. शीर म्हणजे रक्तवाहिनी, शिर म्हणजे डोकं. चूक माझी आहे, ती मी पेनावर ढकलत नाही. पण ते पान मी कसं वाचलं हे आठवतंय. पेन बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी वाचलं होतं.

कुणाला दुरुस्तीची जागा माहीत असेल तर कृपया सांगा. आणि तुमचं रोजचं पेन कुठलं, तेही लिहा. कपाटातलं, भेट मिळालेलं नव्हे. रोजचं.

कोपरीकर | प्रतिसाद १

जांभळी नाक्याकडे पूर्वी एक पेनवाले पेटी घेऊन बसायचे. निबा, जिभा (निबीखालचा शाई पुढे नेणारा भाग), टोपणाच्या क्लिपा, सगळं पेटीत. आमच्या शाळेत पाचवीपासून शाईपेन सक्तीचं होतं, त्यामुळे जूनमध्ये त्यांच्यापुढे रांग लागायची. निबीचं टोक दगडावर घासून नीट करून द्यायचे, आठ आण्यात. आता ते बसत नाहीत. स्टेशनचा परिसर बदलला तसे असे बरेचजण दिसेनासे झाले. दुसरं कुणी आठवलं तर लिहितो.

निब_नेरूळ | प्रतिसाद २

काना_मात्रा, पेन अजिबात टाकू नका. गेलंय ते सगळ्यात सोपं गेलंय.

तुम्ही पाच वेळा पट्टी का दाबता ते सांगतो, म्हणजे दुरुस्ती करताना काय जपायचं ते कळेल. तुमच्या नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते, वरच्या टोकापर्यंत गेलेली. पट्टी दाबली की हवा बाहेर पडते, सोडली की शाई वर येते. पुढच्या दाबाला वर साठलेली हवा त्या बारीक नळीतून निघून जाते आणि आत आलेली शाई फारशी परत जात नाही. म्हणून एका दाबात पेन भरत नाही, चार-पाच लागतात. बाहेरची नळी बदलताना ही आतली बारीक नळी वाकली किंवा तुटली तर पेन अर्धंच भरत राहील. दुरुस्ती करणाऱ्याला हे आधी सांगा.

बाहेरची नळी प्लॅस्टिकची असते, ती वर्षानुवर्षांनी पिवळी आणि कडक होते, मग चिरते. त्याजागी रबराची नळी बसते. मापं इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात: सोळा नंबर म्हणजे १६/६४, पाव इंच. चिकटवायला लाख. होय, आपलीच लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. झटपट चिकटणारा गोंद कुणी लावू देत असेल तर पेन काढून घ्या. लाख बेताच्या उष्णतेने मऊ होते, म्हणजे आणखी वीस वर्षांनी नळी पुन्हा बदलता येते. गोंद लागला की पेन तोडूनच उघडावं लागतं.

झाकलेल्या निबीचं म्हणाल तर हा घाट जगभर गाजला तो १९४१ साली आलेल्या पार्कर ५१ मुळे. निब झाकलेली असल्याने शाई टोकाशी लवकर वाळत नाही. तुमच्यासारखं काम असेल, पाच मिनिटं वाचायचं आणि एक खूण करायची, तर ह्याच्याइतकं सोयीचं पेन नाही. उघड्या निबीचं पेन तेवढ्या वेळात कोरडं पडतं आणि पहिली रेघ उठत नाही.

माझं रोजचं: साधं ड्रॉपरने भरायचं एबोनाइटचं (कडक रबराचं) पेन. अर्ध्याच्या खाली शाई गेली की लगेच भरतो. कारण शाई कमी झाली की आत हवा जास्त, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईचा थेंब बाहेर ढकलते. लोक म्हणतात जुनी पेनं गळतात. निम्म्या वेळा पेन गळत नसतं, रिकामं होत आलेलं असतं.

सानपाड्यात एक काका घरीच दुरुस्ती करतात. त्यांना विचारून तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

दिवाणजी_तुर्भे | प्रतिसाद ३

मी एपीएमसीत (कृषी उत्पन्न बाजार समितीत) मसाल्याच्या गाळ्यावर हिशेब बघतो, ३१ वर्षं झाली. शाईपेनाची आवड असली तरी आमच्या कामाला ते चालत नाही. पावतीपुस्तकात कार्बन असतो, खालच्या दोन प्रतींवर उठलं पाहिजे, म्हणजे दाबून लिहिणं आलं. दाबून लिहायला बॉलपेनच.

माझं पेन म्हणजे रेनॉल्ड्सचं ०४५, पांढरं अंग आणि निळं टोपण. त्यावर "फाइन कार्ब्यूर" लिहिलेलं असतं. कार्ब्यूर म्हणजे फ्रेंच भाषेत कार्बाइड. टोकाची गोळी टंगस्टन कार्बाइडची असते, म्हणून झिजत नाही. दिवसाला दोनशे-अडीचशे पावत्या लिहिल्या तरी रेघ सकाळी जशी तशीच संध्याकाळी. बाजारात हळद, मिरचीची धूळ सगळीकडे बसते. जेल पेनाच्या टोकात ती गेली की शाई तुटते. ह्याला फरक पडत नाही.

ताईंनी बोट टेकतं तिथला रंग उडाल्याचं लिहिलंय, त्यावरून लिहावंसं वाटलं. माझ्या पेनावर रंग उडायला वेळच मिळत नाही, दोन-तीन महिन्यांत पेन संपतं. पण एक गोष्ट मी पहिल्यापासून पाळतो. टोपण पेनाच्या मागे लावूनच लिहायचं. टोपण मागे नसेल तर पेन हलकं लागतं आणि माझा पाच आणि सहा सारखा दिसतो. हिशेबात पाचाचा सहा होणं म्हणजे काय ते सांगायला नको. मालक म्हणतात, दिवाणजी तुमचं टोपण बघूनच कळतं, तुम्ही कामात आहात की नाही.

लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर नवं पेन ठेवतो. पहिली नोंद त्याच पेनाने. ते पेन संपेपर्यंत दुसरं उघडत नाही.

काना_मात्रा | प्रतिसाद ४

दिवाणजी, पाच आणि सहाचं वाचून काटा आला. मराठी आकड्यांत हा धोका खराच आहे. प्रुफांत १ आणि ९ चाही होतो.

निब_नेरूळ, व्यनि मिळाला. काकांशी बोलले, शनिवारी या म्हणाले. आतल्या बारीक नळीचं मी आधीच सांगणार आहे. पाच वेळा का दाबते हे मला २६ वर्षांत माहीत नव्हतं. हाताला माहीत होतं.

डावखुरी_ऐरोली | प्रतिसाद ५

शाईपेनाच्या धाग्यावर डावखुऱ्यांनी काय लिहावं! माझ्या हाताची कड सातवीपर्यंत निळी होती. उजवा हात लिहीत पुढे जातो, शाई मागे राहते. माझा हात शाईवरूनच पुढे सरकतो. त्यातून आपली शिरोरेषा. शब्दाची अक्षरं लिहायची, मग परत सुरुवातीला येऊन वर रेघ ओढायची. म्हणजे ओल्या अक्षरांवरून मी दोनदा जाते. इंग्रजीच्या वहीत माझं पान बरं दिसायचं आणि मराठीच्या वहीत फरकाटे. बाई म्हणायच्या, मराठीचा कंटाळा करतेस. मला मराठीच जास्त आवडायचं.

मग एका मामींनी शिकवलं. वही तिरपी ठेवायची, वरची कड उजवीकडे कलती, आणि हात ओळीच्या खालून चालवायचा. मनगट वळवून वरून लिहायचं नाही. हे जमायला एक उन्हाळ्याची सुटी गेली. आता पायलटचं व्ही५ वापरते. पातळ शाईचं आहे तरी रेघ इतकी बारीक की कागदात लगेच मुरते. कॉलेजपासून तेच. वर्गात शिकवताना हजेरी, गुण, टिपणं सगळं त्याने. शिरोरेषा मी आता शब्द संपल्यावर देतच नाही, अक्षरागणिक तुकड्याने देते. कुणाच्या लक्षात येत नाही, पण माझं पान स्वच्छ राहतं.

काना_मात्रा, तुमच्या पेनासारखं बारीक टोकाचं शाईपेन डाव्या हाताला चालेल का? खूप वर्षांची इच्छा आहे.

मोडी_वाचक | प्रतिसाद ६

शिरोरेषेवरून राहवलं नाही. मोडीत ही अडचणच नव्हती. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जाई. शब्दाशब्दाला हात उचलून मागे यायचं कामच नाही, म्हणून लिहिणं झरझर होई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे कागदपत्रांत ही लिपी वापरात होती. जमिनीची जुनी कागदपत्रं वाचायला लोक माझ्याकडे आणतात. ठाण्याच्या आसपासच्या गावांतलीही असतात.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा कागद हातात घेतला की मी मजकुराआधी रेघ बघतो. बोरूचं टोक चाकूने तिरकं कापत. कापणाऱ्याची सवय रेघेत उतरते. एकाच दप्तरात तीन कारकुनांची हस्ताक्षरं असली तर कुणी कुठून कुठपर्यंत लिहिलं ते रेघेच्या जाडीवरून कळतं. काही कागदांत एका ओळीपासून रेघ जाड जाड होत जाते आणि मग अचानक बारीक होते. तिथे लिहिणारा थांबला, त्याने बोरू पुन्हा तासला आणि परत लिहायला घेतलं. मला त्या जागी त्याचा चाकू दिसतो.

शाई बहुतेक काजळीची. काजळी, डिंक, पाणी. ती अजून काळीभोर आहे. हिरडा आणि हिराकशीची (लोखंडाच्या क्षाराची) शाईही असे. ती लिहिताना फिकी दिसते आणि हवा लागली की गडद होते, पण तिच्यातल्या आम्लाने कधीकधी कागदच खाल्लेला असतो.

मी स्वतः रोजच्या टिपणांना शाईपेनच वापरतो आणि त्यात कॅमलची शाई. दि. प. दांडेकरांनी १९३१ साली शाईच्या पुडीपासून सुरू केलेला उद्योग हा. पुडी पाण्यात विरघळवून शाई करायची. आमच्या आजोबांच्या घरी घोडाछाप पुडीचा रिकामा डबा होता, त्यात आजी सुया ठेवायची.

एक विनंती सगळ्यांना. चित्रकलेची जलरोधक काळी शाई शाईपेनात कधीही भरू नका. ती वाळली की पाण्याने सुटत नाही. माझं एक चांगलं पेन मी असंच घालवलं. दहावीत होतो, बाटलीवर "इंक" लिहिलंय एवढंच वाचलं होतं.

प्रॅक्टिकल_पनवेल | प्रतिसाद ७

सगळ्यांच्या भावना समजतात, पण साठ रुपयांच्या पेनासाठी लोकलने सानपाड्याला जायचं, दुरुस्तीला दोनशे-तीनशे द्यायचे? तेवढ्यात तसलंच नवीन येईल. काम होण्याशी मतलब. पेन हे साधन आहे.

काना_मात्रा | प्रतिसाद ८

साधन आहे हे मान्य, आणि म्हणूनच तर जाणार आहे. सुताराचा रंधा गेला तर तो पातं बदलतो, रंधा टाकत नाही. त्याच्या मुठीचा आकार त्या लाकडात उतरलेला असतो. तसलंच नवीन मी मागच्या वर्षी घेऊन पाहिलंय. त्याची रेघही बारीक आहे. पण टोक कागदावर खरखरतं आणि मला पेन वळवून वळवून लिहावं लागतं. जुनं हातात धरलं की आपोआप बसतं.

दोनशे-तीनशेचं म्हणाल तर ते माझ्या दोन-तीन पानांचे पैसे. त्याच पेनाने मी ते मिळवते.

सिस्टर_कळवा | प्रतिसाद ९

रात्रपाळीला लिहितेय, वॉर्ड शांत आहे म्हणून. आमच्याकडे दिवसपाळीच्या नोंदी निळ्या आणि रात्रीच्या लाल. खिशात कायम दोन पेनं. तिसरं असतं ते डॉक्टरांसाठी, कारण राउंडला येणारा प्रत्येकजण "सिस्टर, पेन" म्हणतो आणि ते परत येत नाही. ते मी वेगळंच ठेवते, टोपणाला चिकटपट्टी लावलेलं.

माझं स्वतःचं निळं कुणालाच देत नाही. त्याने मी ताप, नाडी, रक्तदाब लिहिते. तासातासाला चौकटीत छोटा ठिपका आणि त्याला जोडणारी रेघ. ठिपका जाड झाला तर अर्ध्या अंशाचा फरक दिसतो. लेकरांच्या वॉर्डात अर्धा अंशही महत्त्वाचा. साधं बॉलपेन आहे, दहा रुपयांचं, पण ठिपका बारीक उमटतो हे तपासूनच घेते. दुकानात उभी राहून कागदावर दहा ठिपके काढते, एक जरी फुटला तर दुसरं मागते.

एक उपयोगाचं सांगते. बॉलपेनच्या अक्षरावर पाणी सांडलं तर काही होत नाही, पण स्पिरिटचा किंवा सॅनिटायझरचा ओला हात लागला की ते पसरतं. त्यातला रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. कोविडच्या काळात आमची कितीतरी पानं अशी निळी झाली. तेव्हापासून सवय लावून घेतलीय, हात पूर्ण सुकल्याशिवाय चार्टला लावत नाही.

कोपरीकर | प्रतिसाद १०

पेन दुसऱ्याला द्यायचं की नाही ह्यावर एकदा बोलूच. लेखणी आणि पुस्तक परक्या हाती गेलं की गेलंच, हे सुभाषित आपण शाळेत ऐकलंय. पण शाईपेन दुसऱ्याने वापरलं की निब बिघडते हे खरं आहे का? माझे वडील कुणालाही पेन द्यायचे नाहीत, सही करायलासुद्धा नाही. सही करणाऱ्याला बॉलपेन पुढे करायचे.

निब_नेरूळ | प्रतिसाद ११

अर्धं खरं आहे. निबीच्या टोकाला कठीण धातूचा बारीक मणी जोडलेला असतो. त्याला सवयीने इरिडियम म्हणतात, पण त्यात बहुतेकदा ऑस्मियम, रुथेनियम असे धातू असतात. तो मणी फार सावकाश झिजतो, रोज लिहून काही वर्षांनी कळण्याइतका. एका सहीने त्याला काही होत नाही.

धोका दाबाचा आहे. बॉलपेनवर लिहिणाऱ्याचा हात दाबून लिहायला शिकलेला असतो. बॉलपेनची शाई घट्ट, गोळी कागदावर फिरली तरच उतरते. शाईपेनाला दाब लागत नाही, टोक नुसतं टेकलं की फटीतून शाई आपणहून कागदाकडे ओढली जाते. दाबून लिहिणाऱ्याने एक जोरदार सही केली की निबीची दोन पाती फाकतात आणि कधीकधी परत जुळत नाहीत. तेव्हा तुमच्या वडिलांचं बरोबर होतं, कारण वेगळं असेल कदाचित.

डावखुरी_ऐरोली, डाव्या हाताने पेन ओढण्याऐवजी ढकललं जातं, म्हणून टोकदार निब कागदात रुतते. टोक बारीक चालेल पण गोल घासलेलं हवं. आधी दुसऱ्याचं हातात घेऊन पाहा, मगच विकत घ्या.

काना_मात्रा | प्रतिसाद १२

जाऊन आले. लांब लिहिते, कारण तुम्ही सगळे वाट बघत होतात असे व्यनि आलेत.

शनिवारी ठाण्याहून दहा नंबरवरून वाशीची गाडी धरली. पेन रुमालात गुंडाळून पर्समध्ये आणि पर्स मांडीवर. काकांच्या घरी खिडकीशी एक छोटं टेबल, त्यावर पांढरं कापड पसरलेलं. पेन दिलं तर उघडण्याआधी त्यांनी माझ्यापुढे दौत आणि कागद सरकवला. म्हणाले, बुडवून लिहा, काय वाटेल ते. मी "वेलांटी" लिहिलं, प्रत्येक वेळी काहीतरी लिहायला सांगितलं की मी हेच लिहिते. ते माझ्या शब्दाकडे नाही, हाताकडे बघत होते.

मग डोळ्याला घड्याळजींचं भिंग लावून त्यांनी टोक पाहिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. "ताई, तुम्ही पेन डावीकडे कलतं धरता. मणी एका बाजूने सपाट झालाय. आरशासारखा." मला भिंगातून दाखवलं. टोकाच्या गोल मण्यावर एक छोटीशी चकाकती सपाटी होती, तिरकी. ती माझ्या धरण्याच्या कोनात बरोबर बसते. म्हणून नवीन पेन खरखरत होतं आणि हे आपोआप बसतं. म्हणाले, हवं तर घासून पुन्हा गोल करून देतो, नव्यासारखं होईल. मी इतक्या घाईने "नको" म्हटलं की ते हसले. "मी करणारही नव्हतो," म्हणाले, "पण विचारायला लागतं."

कोमट पाण्यात पुढचा भाग थोडा वेळ धरून त्यांनी धातूचं आवरण फिरवत फिरवत काढलं. जुनी नळी पिवळी पडलेली, आत निळ्या शाईचा थर वाळलेला. आतली केसासारखी नळी शाबूत निघाली. रबराची नवी नळी जुनीच्या शेजारी ठेवून त्यांनी थोडी कापली, लावून पाहिली, पुन्हा थोडी कापली. चार वेळा. एकदम का कापत नाही विचारलं तर म्हणाले, "कापलेली जोडता येत नाही." नळीला बाहेरून शंखजिऱ्याची पूड लावली, आवरणात घासू नये म्हणून. तोंडाशी ब्रशने लाख. आणि पेन ठेवून घेतलं, रात्रभर वाळायला हवी म्हणून. २६ वर्षांत पहिल्यांदा पेन माझ्या घराबाहेर राहिलं.

रविवारी परत गेले. एक फरक आहे तो लिहून ठेवते. जुनी नळी पारदर्शक होती, शाई किती उरली ते पट्टीच्या फटीतून दिसायचं. नवी काळी आहे, काही दिसत नाही. आणि थोडी आखूड बसली आहे, त्यामुळे दुपारी जेवणानंतर पुन्हा भरावी लागते. पट्टी चारदाच दाबली की बुडबुडे थांबतात. हात पाचव्यांदा दाबतोच.

त्या प्रथमोपचाराच्या पुस्तिकेच्या लोकांना मी चूक कळवली आहे. पुढच्या छपाईत दुरुस्त करतो म्हणाले. दुरुस्तीची प्रत काल आली, ती ह्या पेनाने तपासली. सगळी, पहिल्या पानापासून.

प्रॅक्टिकल_पनवेल | प्रतिसाद १३

मण्यावरच्या सपाटीचं वाचलं. वडिलांचं एक पेन घरात आहे, ते गेल्यापासून कुणी उघडलेलं नाही. भिंगातून पाहिलं. ते उजवीकडे कलतं धरत असावेत. काकांचा पत्ता मलाही व्यनि कराल का? आतली शाई वाळून दगड झाली आहे.

निब_नेरूळ | प्रतिसाद १४

व्यनि केला. नेण्याआधी टोक साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, पाणी निळं झालं की बदला. गरम पाणी नको. जोर लावून फिरवू नका.

डावखुरी_ऐरोली | प्रतिसाद १५

काना_मात्रा, निब_नेरूळ म्हणाले ना, दुसऱ्याचं हातात घेऊन पाहा म्हणून. तुमचं मागणार नाही, तुम्ही डावीकडे कलतं धरता हे वाचलंय. पण ते खरखरणारं नवीन पेन, जे तुम्हाला बसत नाही, ते मला एकदा लिहून बघायला मिळेल का?

काना_मात्रा | प्रतिसाद १६

नक्की. येत्या शनिवारी पाच वाजता तलावपाळीला या, गडकरी रंगायतनच्या बाजूने. दौत मी आणते, तुम्ही तुमची मराठीची वही आणा. टोक काकांकडून थोडं गोल घासून घेतलंय, तुमच्यासाठीच.